वाचता येऊ लागलं, तरी वाचून दाखवा

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात पहिला पुणे पुस्तक महोत्सव भरला. त्याच्या निमित्ताने स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर तीन हजारांहून अधिक पालक जमले, आपापलं मूल शेजारी घेऊन बसले आणि सगळ्यांनी एकाच वेळी आपल्या मुलाला गोष्ट वाचून दाखवली. गिनेस बुकात नोंद झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. विक्रमाचं कौतुक व्हायला हवं होतं, ते झालं. पण त्या दिवशी मैदानावर जे चाललं होतं, ते रोज रात्री घराघरांत चालावं अशी गोष्ट आहे. मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, याबद्दल पालकसभांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळीकडे सल्ले मिळतात: मोबाइल काढून घ्या, घरात पुस्तकांचं कपाट ठेवा, वाढदिवसाला पुस्तक द्या. यातलं काहीच चुकीचं नाही. मात्र यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय आपण भलत्या वेळी सोडून देतो. मूल तीन-चार वर्षांचं असतं तोवर हौसेने वाचून दाखवतो. ते पहिली-दुसरीत गेलं, अक्षरं जुळवू लागलं, की 'आता येतं ना वाचता? मग तुझं तू वाच' म्हणून पुस्तक त्याच्या हातात देतो आणि आपण बाजूला होतो. माझ्या मते गोडी बहुतेक घरांत नेमकी इथे तुटते. वाचून दाखवणं निदान पाचवी-सहावीपर्यंत चालू राहायला हवं, आणि हे केवळ हौसेपोटी सांगत नाही, त्याला भक्कम कारणं आहेत.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा कान आणि त्याचा डोळा यांच्यात केवढं अंतर असतं, ते आधी पाहायला हवं. कानाने ते मूल पुष्कळ पुढे गेलेलं असतं. चोरांचा पाठलाग, राजाची फसवणूक, अवकाशयान, एखाद्याचं मेलेलं कुत्रं, आजीचा खोटा राग हे सगळं त्याला कळतं. लांब वाक्यं कळतात, थट्टाही कळते. डोळ्याने मात्र ते अजून 'मदन वर बघ' या छापाच्या, काना-मात्रा टाळून जुळवलेल्या वाक्यांपाशी असतं. म्हणजे त्याला जे समजतं ते वाचता येत नाही आणि जे वाचता येतं त्यात समजून घेण्याजोगं काही नसतं. थॉमस स्टिश्ट या अमेरिकी संशोधकाने १९७० च्या दशकात ऐकून समजणं आणि वाचून समजणं यांची तुलना केली होती. ऐकून समजण्याची आघाडी साधारण आठवीच्या सुमारापर्यंत टिकते, असा तिचा निष्कर्ष होता. या मधल्या वर्षांत वाचून दाखवणारं कोणी उरलं नाही, तर मुलाच्या अनुभवाला पुस्तक म्हणजे काय येतं? बोट ठेवून, अडखळत, शेवटी हाती काहीच न लागणारं काम. अशा मुलाला वाचन आवडत नाही अशी तक्रार आपण करतो, पण आवडावं असं वाचन त्याला आपण चाखूच दिलेलं नसतं.

मराठीच्या बाबतीत हा काळ आणखी लांबतो, कारण आपली लिपी शिस्तशीर असली तरी मोठी आहे. चौतीस-छत्तीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास रूपं झाली, त्यावर जोडाक्षरं. एकटा 'र' घेतला तरी तो 'सूर्य'मध्ये डोक्यावर चढतो, 'चक्र'मध्ये क च्या पायाशी तिरका होतो, 'ट्रक'मध्ये ट च्या खाली छपरासारखा बसतो आणि 'दऱ्या'मध्ये चंद्रकोरीसारखा वाकतो. मोठ्यांना हे जाणवतही नाही; मुलाला प्रत्येक वेळी थांबावं लागतं. कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास करताना सोनाली नाग यांना आढळलं, की इंग्रजीची मुळाक्षरं मुलं लवकर आटोपतात, पण आपल्याकडच्या अक्षरांवर पूर्ण पकड यायला तिसरी-चौथी उजाडते. शिवाय काही गोष्टी लिपी सांगतच नाही. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च कागदावर सारखेच दिसतात. दुनिया या अर्थाचं 'जग' आणि 'सुखाने जग' मधलं 'जग' लिहायला एक, उच्चारायला दोन. कुठे कोणता उच्चार हे मुलाला फक्त कानाने ठाऊक असतं. ज्या शब्दाची ओळख कानाला नाही, तो शब्द त्याने अक्षरं जोडून वाचला तरी त्याला ओळखता येत नाही. मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलाला म्हणूनच भरपूर मराठी ऐकायला मिळायला हवं, आणि तेही पुस्तकातलं मराठी, कारण 'जेवून घे, दप्तर भर' एवढ्या रोजच्या बोलण्यात पुस्तकातले शब्द येत नाहीत. इंग्रजीत हे मोजून पाहिलेलं आहे. हेज आणि आरेन्स यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की पदवीधर माणसं आपापसात गप्पा मारताना जेवढे कमी प्रचारातले शब्द वापरतात, त्याहून अधिक तसे शब्द लहान मुलांच्या पुस्तकांत असतात. मराठीत काही फार वेगळं निघेल असं वाटत नाही.

शाळा ही दरी भरून काढेल, अशी आपली समजूत असते. २०१३ ते २०१६ या काळात पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. वर्गातला वेळ बहुतांशी अक्षरं गिरवण्यात, बाराखडी म्हणण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो; सलग, अर्थपूर्ण मजकुराशी मुलांची गाठ फार थोडी पडते, असं चित्र त्यातून पुढे आलं. 'असर' या शैक्षणिक अहवालासाठीची देशव्यापी पाहणी ग्रामीण भागापुरती असते, त्यामुळे तिचे आकडे पुणे शहराला सरळ लावता येणार नाहीत. तरी ते लक्षात ठेवावेत असे आहेत. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, कोविडच्या साथीनंतर २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर गेली. सुधारणा झाली, आणि तरी चारातलं एक मूलही जेमतेम.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल, की आधी मुलांना नीट वाचायला शिकवा, गोडीचं नंतर बघू; आणि सारखं वाचून दाखवलं तर मूल आळशी होईल, स्वतः वाचायचा कंटाळा करेल. आक्षेपाचा पहिला भाग अर्धा बरोबर आहे. अक्षरओळख पक्की करण्याला पर्याय नाही, आणि वाचून दाखवणं हा तिचा पर्याय असल्याचं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. गॉफ आणि टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं जे साधं सूत्र मांडलं, त्यात वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरं उलगडता येणं आणि भाषा समजणं. दोहोंपैकी एक शून्य झाली की उत्तर शून्य. शाळा पहिल्या गोष्टीवर घाम गाळते. दुसरी गोष्ट ऐकण्यातून वाढते आणि ती वाढवायला पहिली गोष्ट पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही एकाच वर्षी, एकाच दिवशी चालू शकतात. आळशीपणाबद्दल म्हणाल, तर १९८५ मध्ये अमेरिकेच्या वाचनविषयक राष्ट्रीय समितीने उपलब्ध संशोधन चाळून जो अहवाल दिला, त्यात मुलांना मोठ्याने वाचून दाखवणं ही पुढच्या वाचनासाठीची सर्वांत महत्त्वाची कृती ठरवली होती, आणि ते शालेय इयत्तांमध्येही चालू ठेवावं असं स्पष्ट नोंदवलं होतं. ऐकलेल्या पुस्तकाकडे मूल स्वतः परत जातं, कारण पुढे काय आहे ते त्याला माहीत असतं आणि माहीत असलेलं वाचणं सोपं जातं. एकच पुस्तक पंधरा वेळा मागणारं मूल हट्टी नसतं; ते त्या पुस्तकावर वाचायला शिकत असतं.

ऐकणं हे न वाचता येणाऱ्यांचं काम, ही समजूत आपल्या परंपरेतही बसत नाही. चातुर्मासात वाड्यांमधून, देवळांमधून पोथी लागायची. एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. अक्षरशत्रू असलेल्या बायाबापड्यांना श्रीधराचे हरिविजय, पांडवप्रताप अशा वाचनातूनच तोंडपाठ झाले. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा तिच्या भागांना प्रकरण म्हटलं नाही, 'रात्र' म्हटलं. रोज रात्री श्याम मित्रांना एक आठवण सांगतो आणि ते ऐकतात, अशी पुस्तकाची रचना आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ते पुस्तक तसंच, एका रात्री एक याप्रमाणे वाचलं गेलं. पुढे व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले. त्यांना गर्दी करणारे लोक साक्षर होते, त्यांतल्या अनेकांकडे त्या कथांची पुस्तकंही असतील. तरी ते ऐकायला आले. मोठ्यांनी जो आनंद बिनदिक्कत घेतला, तो आठ वर्षांच्या मुलाला नाकारायचं कारण काय?

पुस्तकांची चणचण हे कारण निदान पुण्याने तरी देऊ नये. मराठी मुलांसाठी जे चांगलं छापलं गेलं, त्यातला मोठा वाटा याच शहरातून गेला आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीचं मुख्यालय सेनापती बापट रस्त्यावर आहे; तिथूनच १९७१ मध्ये 'किशोर' मासिक सुरू झालं, आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पन्नास वर्षांचा हा खजिना घरबसल्या मोकळा आहे, तरी किती पालकांनी तो उघडून पाहिला असेल याची मला शंका आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. ती पुस्तकं मोठ्याने वाचायला विशेष चांगली आहेत. प्रकरण नेमकं अडचणीत संपतं, आणि फेणेचा 'ट्टॉक्' मूल मनात वाचतं तेव्हा पुढे सरकतं, पण ऐकताना टाळूला जीभ लावून स्वतः करून बघतं, वाचणाऱ्यालाही करायला लावतं. गल्ल्या, सायकल, पोहणं, परीक्षा हे सगळं पुण्याचं आहे. ज्या रस्त्याने मूल शाळेत जातं त्या रस्त्यावर साहस घडू शकतं, हे त्याला पहिल्यांदा कळतं. लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची, ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तकं आहेत. 'राधाचं घर'मध्ये उपदेश नाही, राक्षस नाही. घरातली माणसं आहेत, त्यांच्या सवयी आहेत, आणि चित्रांत इतकं काही भरलेलं असतं की वाचणाऱ्याला पान उलटायची परवानगी मिळत नाही. त्यांनीच संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'चे बालगट आणि कुमारगटासाठीचे भाग हे तर मोठ्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी हाताशी ठेवावेत असे आहेत: जुन्या-नव्या मराठी साहित्यातले वेचे, सोबत चित्रकला. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला माडगूळकरांची, मिरासदारांची कथा स्वतः वाचायला जड जाईल. आई-बाबांच्या तोंडून ऐकताना ते खदखदून हसेल.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा प्रश्न इथेच येतो, आणि पुण्यात तो लहान नाही. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, मराठी फक्त एका विषयापुरतं, अशी असंख्य मुलं आहेत. त्यांच्या बाबतीत कान आणि डोळा यांतलं अंतर बाराव्या वर्षीही मिटत नाही. मराठी बोलतात फर्डं, पण छापील पान दिसलं की दमतात, कारण वाचनाचा सराव दुसऱ्या लिपीत झालेला असतो. या मुलांच्या हातात मराठी पुस्तक देऊन 'मातृभाषा आहे, वाचलीच पाहिजे' म्हणणं म्हणजे त्यांना त्यांच्याच भाषेत अडाणी ठरवणं आहे. ती मराठीपासून आणखी दूर जातात. त्यांना वाचून दाखवलं तर मात्र वयाला साजेशी मराठी गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचते. एक पान तू, एक पान मी, असं हळूहळू करता येतं. सुरुवातीला एक परिच्छेदही पुरे. इंग्रजी पुस्तकं त्यांनी वाचू नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. ज्याला एका भाषेत पुस्तक आवडलं, त्याला दुसऱ्या भाषेतही आवडण्याची शक्यता वाढते.

वाचून दाखवताना काय करू नये, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे चांगल्या गोष्टीची लगेच परीक्षा होते. गोष्ट संपली की तात्पर्य विचारू नये. मधेच थांबून 'या शब्दाचा अर्थ सांग' म्हणू नये. मुलाने विचारला तर सांगावा आणि पुढे जावं. आवडलं नाही तर अर्धं पुस्तक सोडायची मुभा असावी, जशी आपल्याला असते. बक्षिसांचं तर फार जपून. 'दहा पुस्तकं वाच, सायकल घेतो' या सौद्याचा परिणाम काय होतो, त्याचा अंदाज १९७३ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगावरून येतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या मुलांना चित्रं काढल्याबद्दल प्रशस्तिपत्रक देण्याचं आधी कबूल केलं आणि दिलं. काही दिवसांनी, बक्षीस नसताना, ती मुलं बाकीच्यांच्या मानाने निम्म्याच्या आसपास वेळ चित्रं काढताना दिसली. आवडीचं काम मोबदल्याचं झालं की मोबदला थांबल्यावर ते थांबतं. आपल्याकडे १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीनिमित्त वाचन प्रेरणा दिन होतो. चांगला दिवस आहे. त्या दिवशी वाचलेल्या पुस्तकांचे आकडे गोळा करून वर पाठवण्यापेक्षा शिक्षकांनी वर्गाला एका लांब कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचून दाखवावं आणि दुसरं दुसऱ्या दिवशी, असं झालं तर तो दिवस दिवाळीपर्यंत टिकेल.

वेळ नाही, हा आक्षेप मी हलका मानत नाही. हिंजवडीहून कोथरूडला यायला ज्याला दीड तास लागतो, त्याला घरी आल्यावर पुस्तक उघडायला सांगणं सोपं नाही. पण लागतात ती पंधरा मिनिटं, आणि तीही रोज शक्य नसतील तर आठवड्यातून चार दिवस. फास्टर फेणेचं एखादं प्रकरण तेवढ्यात बसतं. मोबाइलवर बोलकी पुस्तकं मिळतात, ती का नकोत? जरूर असावीत, प्रवासात, आजारपणात ती फार उपयोगी पडतात, आणि कानाला भाषा मिळण्याचं काम तीही करतात. मात्र त्यांत मुलाला ओळीवर फिरणारं बोट दिसत नाही, चित्रापाशी थांबता येत नाही, 'असं का केलं त्याने?' हा प्रश्न विचारायला समोर माणूस नसतो. छापील ओळ आणि ऐकलेला आवाज यांची जोडणी पुस्तक मांडीवर असताना होते.

सर्वांत कठीण आक्षेप राहिला: ज्या घरात वाचता येणारं माणूसच नाही, किंवा बारा तास कामावर असतं, तिथे काय? वाचनाची गोडी ही पालकांची जबाबदारी म्हणून मोकळं होणं अशा मुलांवर अन्याय आहे. जिच्या आईला धुणीभांडी करून रात्री आठला घरी यायला मिळतं, त्या मुलीला वाचून दाखवणं हे शहराचं काम आहे. असे प्रयत्न झालेले आहेत. पालकनीती परिवाराचं खेळघर कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांबरोबर नव्वदच्या दशकापासून काम करत आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि तिच्या कमला निंबकर बालभवनाने मराठी वाचायला शिकवण्याच्या पद्धतीवर आयुष्यभराचं काम केलं. थोरली भावंडं धाकट्यांना वाचून दाखवू शकतात, त्यात दोघांचाही फायदा असतो. पण संस्था आणि भावंडं पुरणार नाहीत. महापालिकेच्या शाळेत रोज शेवटची वीस मिनिटं शिक्षकाने मोठ्याने वाचायची, गृहपाठ नाही, प्रश्न नाहीत, एवढा एक नियम झाला तरी हजारो मुलांच्या कानावर पुस्तक पडेल.

आणि ग्रंथालयं आहेत. ज्या १८४८ सालात फुले दांपत्याने भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, त्याच वर्षी लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथालय सुरू झालं, ते आजचं पुणे नगर वाचन मंदिर. १९११ सालचं पुणे मराठी ग्रंथालय नारायण पेठेत आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यभर हजारो ग्रंथालयांना अनुदान मिळतं आणि अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग ठरतात. ग्रंथसंख्या आणि सभासदांबरोबर, आठवड्यातून एकदा मुलांना वाचून दाखवण्याचा तास होतो की नाही, यालाही तिथे वजन मिळायला हवं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, कर्मचारी भरती लागत नाही. शनिवारी दुपारी एक सतरंजी, वस्तीतली वीस मुलं आणि वाचणारा एक माणूस. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयातले विद्यार्थी, आकाशवाणीवर किंवा रंगभूमीवर आवाज कमावलेली माणसं या शहरात कमी नाहीत. सभासदत्वाची अनामत नसलेल्या मुलालाही बसू द्यावं, आणि निघताना त्या दिवशी वाचलेलं पुस्तक एका मुलाबरोबर घरी जाऊ द्यावं. चार-दोन पुस्तकं परत येणार नाहीत. तेवढा खर्च ग्रंथालयाने सोसावा.